आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्या जनगणनेतील ‘जेरेमाया’ : हे नाव धर्म सांगते की मुलूख?

प्रश्न
कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. एका जुन्या जनगणनेत एखादे व्यक्तिनाम कोणत्या प्रदेशात, कोणत्या धर्मात आणि कोणत्या वयोगटात किती आढळते, हे तपासणे हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार व्यक्तिगत नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत. म्हणून मी आयर्लंडची निवड केली. तेथील ३१ मार्च १९०१ आणि २ एप्रिल १९११ या दोन जनगणनांची घरोघरची मूळ पत्रके राष्ट्रीय अभिलेखागाराने संकेतस्थळावर विनामूल्य खुली केली आहेत. त्यांत प्रत्येक व्यक्तीचे नाव, कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते, धर्म, वय, व्यवसाय, जन्माचा परगणा आणि आयरिश भाषा येते की नाही, इतकी माहिती मिळते.

अभ्यासासाठी मी ‘जेरेमाया’ हे पुरुषनाम घेतले. मराठी बायबलात ज्याला यिर्मया म्हटले आहे, त्या जुन्या करारातील संदेष्ट्याचे हे नाव. मिरजेतील प्रॉटेस्टंट कुटुंबांत जुन्या करारातील नावे नेहमी कानावर येत असल्यामुळे आयर्लंडमध्येही ते प्रामुख्याने प्रॉटेस्टंटांत, म्हणजे उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात सापडेल, असे माझे गृहीतक होते. प्रत्यक्षात बहुसंख्य जेरेमाया रोमन कॅथलिक निघाले, आणि तेही दक्षिणेकडील कॉर्क आणि केरी या दोन परगण्यांत दाटीने आढळले.

याचे कारण काय असावे? आणि हे नाव धर्माचे निदर्शक मानावे की प्रदेशाचे? शिवाय १९०१ आणि १९११ मधील एकूण संख्यांची तुलना करून हे नाव मागे पडत होते की नाही, असा निष्कर्ष काढता येईल का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १
संख्याशास्त्र_कराड

आपण निरीक्षण नोंदवले आहे, पण भाजक दिलेला नाही, आणि अशा अभ्यासात घोटाळा नेमका तेथेच होतो. संकेतस्थळावर नाव टाकले की संख्या मिळते. ती संख्या किती लोकांपैकी आहे, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते.

आधी प्रदेश पाहू. १९०१ मध्ये संपूर्ण आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ४४ लाख ५९ हजार होती. त्यांपैकी कॉर्क परगण्यात सुमारे ४ लाख ५ हजार आणि केरीत सुमारे १ लाख ६६ हजार लोक होते, म्हणजे दोन्ही मिळून देशाच्या जेमतेम १३ टक्के. एखादे नाव देशभर समप्रमाणात विखुरलेले असते, तर दर १०० जेरेमायांपैकी १३ या दोन परगण्यांत सापडले असते. आपल्याला मिळालेला वाटा या १३ शी ताडून पाहावा. तो कितीपट आहे, ते त्या नावाच्या प्रादेशिक दाटीचे माप झाले. पुरुषनाम असल्यामुळे भाजकात फक्त पुरुषांची संख्या घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

धर्माचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १९०१ मध्ये संपूर्ण आयर्लंडमध्ये कॅथलिकांचे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. परंतु कॉर्कमध्ये ते सुमारे ९० टक्के होते आणि केरीत त्याहूनही जास्त. याचा अर्थ असा, की ज्या नावाला धर्माशी काहीही देणेघेणे नाही, पण जे केवळ कॉर्कमध्ये प्रचलित आहे, ते नाव धारण करणाऱ्या दर दहा जणांपैकी नऊ जण आपोआपच कॅथलिक निघतील. देशाच्या ७४ टक्क्यांशी तुलना केली तर असे नाव ‘कॅथलिक नाव’ भासेल आणि तो भास निव्वळ भूगोलाचा असेल. सिम्पसनच्या विरोधाभासाची, म्हणजे गट एकत्र केल्यावर आकडे फसवे चित्र दाखवतात त्याची, उदाहरणे आपण वर्गात शिकला असाल. हे त्याच घराण्यातले आहे.

म्हणून तुलना परगण्याच्या आत करावी. समजा, कॉर्कमधील १०० जेरेमायांपैकी ९७ कॅथलिक निघाले. टक्केवारी ९० वरून ९७ वर गेली, एवढेच पाहिले तर फरक किरकोळ वाटतो. पण प्रॉटेस्टंटांचा वाटा १० वरून ३ वर आला असे मांडले, की तोच फरक मोठा दिसतो. ही संख्या मी केवळ समजावण्यासाठी घेतली आहे. तपासणीसाठी बँडन हे गाव आणि त्याचा परिसर घ्यावा, असे मी सुचवेन. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज वसाहतकारांनी वसवलेले हे कॉर्कमधील गाव असून तेथे प्रॉटेस्टंट कुटुंबांची वस्ती पुढेही टिकून राहिली. एकाच परिसरातील दोन्ही धर्मांच्या कुटुंबांत मुलांची नावे कशी ठेवली गेली, हे तेथे शेजारीशेजारी ठेवून पाहता येते. निष्कर्ष परगणानिहाय स्तर करून मांडावा. देशव्यापी एकच टक्केवारी प्रकल्पात देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २
वाईकर_इतिहास

भाजकाविषयी सरांनी जे लिहिले आहे ते योग्यच आहे, पण मूळ ‘का’ बाजूला राहिले, म्हणून लिहितो.

कॉर्क आणि केरीतला जेरेमाया बायबलातून आलेला नाही. तेथे घरात आणि गावात आयरिश भाषेतील ‘डिअर्मिड’ हे जुने नाव चालत होते. इंग्रजीत कागद करायची वेळ आली, की पाद्री, शिक्षक, जमीनदाराचा कारकून यांच्या लेखणीतून त्या नावाचा ‘जेरेमाया’ होत असे. दोन्ही नावांत अर्थाचा काहीही संबंध नाही. ध्वनीचे ओझरते साम्य एवढाच आधार. हा एकच अपवाद असता तर सोडून देता आले असते, पण त्याच भागात ‘टाइग’ चा टिमथी, ‘कोनहूर’ चा कॉर्नेलियस आणि ‘डोनल’ चा डॅनियल झालेला आहे. या सगळ्या नावांचे नकाशे काढले तर तेही नैऋत्येकडेच झुकलेले दिसतात. कॉर्कमधील रॉसकार्बरी येथे १८३१ मध्ये जन्मलेले क्रांतिकारक जेरेमाया ओडोनोव्हन रॉसा यांचे आयरिश नावही डिअर्मिडच होते.

त्यामुळे आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की हे नाव पहिल्यांदा मुलुखाचे निदर्शक आहे, आणि मुलुखामागे भाषा आहे. कॅथलिक धर्म त्या भाषिक समाजाबरोबर येतो. अल्स्टरमधील प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांतील एका पंथाची) कुटुंबे सतराव्या शतकातील वसाहतीच्या काळात मुख्यतः स्कॉटलंडमधून आली. त्यांच्यात एखादा जेरेमाया आढळला, तर तो खरोखर बायबलातला यिर्मया असण्याची शक्यता मोठी. म्हणजे एकाच अक्षरांखाली दोन निरनिराळी नावे नोंदली गेली आहेत आणि त्यांची बेरीज करणे चूक आहे. पत्रकातील आयरिश भाषेचा रकाना येथे कामी येईल. मुलगा जेरेमाया असलेल्या घरातील वडील किंवा आजोबा आयरिश जाणणारे आहेत का, हे तपासून पाहावे.

नाव टिकून राहण्यामागे आणखी एक कारण आहे. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव द्यायचे, अशी रीत तेथे रूढ होती. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्या परिचयाची असल्यामुळे तिचा परिणाम सहज ध्यानात येईल: एकदा घराण्यात शिरलेले नाव एक पिढी सोडून पुन्हा वर येते आणि चुलत भावंडांत तेच नाव तीन-चार घरांत एकाच वेळी नांदते. सलिव्हन, मॅकार्थी, ओलिअरी या आडनावांच्या वस्तीत एका वाडीत दोन-दोन जेरेमाया सलिव्हन भेटतात, ते यामुळेच. पत्रकात वडिलांच्या नावाचा रकाना नाही आणि आपल्यासारखे मधले नावही नाही. मुलगा वडिलांच्या घरात राहत असेल तोवर वडील कोण हे कळते. एकदा तो वेगळा झाला की वय आणि वाडी यांवाचून ओळखीचा दुसरा आधार उरत नाही.

स्त्रियांच्या नावांकडेही आपण वळावे, असे सुचवतो. कॉर्कमधील बॅलीवुर्नी हे गॉबनिट या संत स्त्रीचे ठिकाण असून ११ फेब्रुवारीला तिचा उत्सव असतो. तिच्यावरून ठेवलेले नाव इंग्रजी कागदात ॲबिगेल, ॲबी, क्वचित डेबोरा असे उमटते. कवठे महांकाळ तालुक्यात आरेवाडीच्या बिरोबावरून बिरू, बिरा, बिराप्पा ही नावे जशी दाट आहेत, तसेच हे समजावे. जेरेमायापेक्षा संख्या कमी मिळेल, पण प्रसाराचे केंद्र माहीत असल्यामुळे केंद्रापासूनच्या अंतरानुसार प्रमाण कसे घटत जाते हे मोजता येईल.

उत्तर ३
माणदेशी_माहिती

माझा दिवस माहितीसंच स्वच्छ करण्यात जातो, त्यामुळे मी फक्त तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. १९०१ ची एकूण संख्या आणि १९११ ची एकूण संख्या यांची वजाबाकी करून नाव मागे पडले असे म्हणता येणार नाही. जनगणना त्या रात्री घरात असलेल्या माणसांची नोंद करते. बारशांची नोंद करत नाही.

आयर्लंडमधून १८५१ ते १९११ या काळात ४० लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले. जाणारे बहुतांशी विशी-पंचविशीतले अविवाहित तरुण-तरुणी होते आणि नैऋत्येचे परगणे त्यात आघाडीवर होते. म्हणजे जेथे जेरेमाया जास्त, तेथूनच जाणारेही जास्त. १९०१ मध्ये बारा वर्षांचा असलेला मुलगा १९११ मध्ये बावीस वर्षांचा म्हणून सापडला नाही, तर तो बॉस्टनमध्ये असण्याचा संभव आधी विचारात घ्यावा. १९११ च्या पत्रकात विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांपैकी किती हयात आहेत, हे विचारले होते. समजा, एका घरात हयात मुले सात आणि प्रत्यक्ष नोंद तिघांची. उरलेले चौघे कोठेतरी आहेत, पण त्यांची नावे त्या कागदावर नाहीत. गैरहजर मुलांची संख्या कळते आणि नावे कळत नाहीत, अशा घरांचे प्रमाण काढले तरी पोकळी किती मोठी आहे याचा अंदाज येतो.

तुलनेची सुरक्षित पद्धत म्हणजे १९०१ मधील ० ते ९ वयाची मुले आणि १९११ मधील ० ते ९ वयाची मुले एकमेकांसमोर ठेवणे. ही मुले घर सोडून गेलेली नसतात, आणि दर हजार मुलग्यांमागे जेरेमाया किती, हे प्रमाण दोन्ही वर्षांसाठी काढता येते. याखेरीज आयर्लंडमध्ये १ जानेवारी १८६४ पासून सर्वांच्या जन्माची नोंद सक्तीची झाली. शंभर वर्षांपूर्वीची ती रजिस्टरेही तेथील सरकारने संकेतस्थळावर पाहण्यास ठेवली आहेत. नाव ठेवण्याच्या प्रथेचा अभ्यास करायचा तर खरा आधार त्यांचाच.

वृद्धांच्या वयावर मात्र अजिबात विसंबू नये. जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन मिळू लागले. १८६४ पूर्वी जन्मलेल्यांकडे सरकारी जन्मदाखला नव्हताच. परिणामी १९०१ मध्ये ५८ वर्षांची असलेली मंडळी १९११ मध्ये सर्रास ७१-७२ वर्षांची झालेली आढळतात. शिवाय ४०, ५०, ६० अशा पूर्णांकांवर वयांची गर्दी असते. ती मोजायला व्हिपलचा निर्देशांक आहेच. त्यासाठी २३ ते ६२ ही वये घेतात. आपल्याकडील शाळांच्या जुन्या दाखल्यांवर १ जूनला जन्मलेल्यांची जी फौज दिसते, ती पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

आता शोधाविषयी. पत्रके हस्तलिखित आहेत आणि सूची नंतर वाचून तयार केलेली आहे. त्यामुळे जेरेमाया हे नाव चार-पाच वर्णलेखनांनी आढळते. शिवाय ‘जेरी’ हे लाडके रूप आहे आणि शेवटचे अक्षर वर चढवून लिहिलेले संक्षिप्त रूपही आहे. हे सर्व गट एकत्र केल्याशिवाय मोजणीला हात घालू नये. पोलीस बराकी आणि मनोरुग्णालये यांच्या पत्रकांत तर फक्त आद्याक्षरे दिली आहेत. मोजणीचे काम पोलिसांकडेच होते, त्यामुळे घरोघर फिरून पत्रके गोळा करणारा शिपाई स्वतः जेरेमाया असला, तरी बराकीच्या पत्रकात तो ‘जे.’ एवढाच उरतो. अशा संस्थांतील व्यक्ती भाजकातूनही वगळाव्यात, नाहीतर प्रमाण विनाकारण घटेल.

वाईकरांच्या एका मुद्द्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. १९०१ पर्यंत कॉर्कमधील कित्येक कुटुंबांत आयरिश बोलणे थांबले होते आणि तरीही आजोबांचे नाव म्हणून जेरेमाया पुढे चालूच होते. त्यामुळे घरातील भाषेचा रकाना रिकामा असला, म्हणून तो जेरेमाया बायबलातला ठरत नाही. जन्माचा परगणा हा त्याहून भक्कम पुरावा मानावा.

प्रश्नकर्ता
कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे आभार. आता मी अभ्यास कॉर्क परगण्यापुरता मर्यादित ठेवतो, ० ते ९ वयोगटाची दोन्ही वर्षांची तुलना करतो आणि बँडन परिसर धर्माच्या तपासणीसाठी वेगळा काढतो. दोन शंका उरल्या आहेत. डिअर्मिडची ‘डर्मट’ आणि ‘डार्बी’ अशीही इंग्रजी रूपे वाचनात आली. ती जेरेमायाच्या गटात धरावीत का? आणि १९०१ च्या मागे जाता येईल का? मार्गदर्शकांना हीच पद्धत पुढे आपल्या जिल्ह्यात वापरून पाहावी असे वाटते, त्याविषयीही मत द्यावे.

उत्तर ४
वाईकर_इतिहास

भाषेच्या रकान्याबद्दल माणदेशींनी घेतलेला आक्षेप मला मान्य आहे. तो रकाना पूरक पुरावा म्हणूनच वापरावा.

डार्बी आणि डर्मट यांना एकत्र करू नये, निरनिराळे स्तंभ ठेवावेत. डार्बी हे रूप जुने. १९०१ मध्ये ते वयस्कर माणसांत अधिक मिळेल, आणि तेच आजोबा डार्बी व नातू जेरेमाया असे एका छपराखाली भेटले, तर नाव एकच असून इंग्रजी पेहराव बदलला हे दिसून येईल. डर्मट आणि खुद्द डिअर्मिड यांची चाल याउलट आहे. १८९३ मध्ये डग्लस हाइड, ओइन मॅकनील आदींनी आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग ही संस्था स्थापन केल्यानंतर आयरिश रूपांना पुन्हा प्रतिष्ठा येऊ लागली आणि १९११ मध्ये काही कुटुंबप्रमुखांनी पत्रकच आयरिशमध्ये भरले. तेथे १९०१ चा जेरेमाया १९११ मध्ये डिअर्मिड होऊन बसतो, आणि केवळ इंग्रजी रूप शोधणाऱ्याला तो हरवलेला वाटतो.

१९०१ च्या मागे जाण्याचा मार्ग जवळजवळ बंद आहे. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांची बहुतेक पत्रके यादवी युद्धाच्या आरंभी, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीतील अभिलेखागारासह जळाली. १८६१ आणि १८७१ ची पत्रके सरकारने जपलीच नाहीत, आणि १८८१ व १८९१ च्या पत्रकांचा पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदासाठी लगदा झाला. इतका मोठा दस्तऐवज वाया गेलेला पाहून अभ्यासकाला हळहळ वाटणारच. पुढे जाता येते: १९२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्धामुळे गणना झाली नाही, पण १८ एप्रिल १९२६ ची जनगणना शंभर वर्षांच्या नियमानुसार एप्रिल २०२६ पासून खुली करण्याचे ठरलेले आहे. ती स्वतंत्र झालेल्या २६ परगण्यांचीच असली तरी कॉर्क आणि केरी त्यात आहेत. स्वातंत्र्यानंतर डिअर्मिड किती वर आला, हे तिच्यातून पाहता येईल.

आपल्या जिल्ह्यांविषयी सांगायचे तर कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी हा पहिला आधार. जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. मात्र जन्माच्या नोंदीत बापाचे नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच पुष्कळदा असते, कारण बारसे व्हायचे असते. म्हणून नावासाठी शाळेच्या जनरल रजिस्टरकडे यावे लागते आणि तेथे शाळेत न गेलेली मुले, विशेषतः मुली, सुटतात. लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची आपली चाल लक्षात घेता स्त्रीनामांसाठी सासरचे कागद वापरूच नयेत.

उत्तर ५
संख्याशास्त्र_कराड

भाजकाची पुरवणी. १९०१ च्या जनगणनेतील ‘सातारा जिल्हा’ म्हणजे आजचा सातारा जिल्हा नव्हे. वाळवा, तासगाव आणि खानापूर हे तालुके तेव्हा त्यातच होते आणि शिराळा पेटा (तालुक्याचा उपविभाग) वाळव्याला जोडलेला होता. मिरज, सांगली आणि जत ही संस्थाने असल्यामुळे त्यांची मोजणी संस्थानांच्या तक्त्यांत आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे एखाद्या नावाचे प्रमाण काढताना आजच्या जिल्ह्याची हद्द धरण्याऐवजी तालुका हेच एकक धरावे आणि तालुक्यांतून गावे इकडे-तिकडे गेली असतील तेथे गावनिहाय बेरीज करावी. खानापूर तालुक्यातील एखाद्या जुन्या शाळेचे रजिस्टर मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने आधी नमुन्यादाखल पाहावे. १ जूनची जन्मतारीख असलेल्यांचे प्रमाण त्यातच काढून ठेवले, तर पुढे वयोगट किती वर्षांचे करायचे तेही ठरवता येईल.